तट आहे, किल्ला नाही

साउथॅम्प्टनला आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "हं, आता किल्ला दाखव."

चूक माझीच होती. गुडघे बोलायला लागेपर्यंत बाबांचा एकही रविवार घरी गेलेला नाही. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड हे त्यांचे शेजारी असल्यासारखे असायचे. "एवढ्या लांब येऊन मी करू काय?" असं ते फोनवर म्हणाले, तेव्हा मी आमिष म्हणून सांगून टाकलं की आमच्या गावात आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा किल्ला आहे. तट आहे, बुरूज आहेत, दरवाजे आहेत. यातलं तट, बुरूज आणि दरवाजे खरं होतं.

आपल्याकडे साउथॅम्प्टन हे नाव दोन कारणांनी माहीत असतं. १९१२ साली टायटॅनिक इथून निघाली, आणि २०२१ च्या जूनमध्ये कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना आपण इथे न्यूझीलंडशी हरलो. दोन्ही आठवणी फारशा सुखाच्या नाहीत. या गावाला मध्ययुगीन तटबंदी आहे आणि तिचा अर्ध्याच्या आसपास भाग अजून उभा आहे, हे मलाही इथे राहायला आल्यावरच कळलं. ऑफिसला जाताना रोज तिच्या कडेनं जाते. मूळची साधारण दोन किलोमीटर लांब, एकोणतीस बुरूज, आठ दरवाजे. त्यातले तेरा बुरूज आणि सहा दरवाजे टिकले आहेत. हे आकडे मी बाबांना आधीच तोंडपाठ म्हणून दाखवले होते. त्यांनी ते वहीत लिहूनही घेतले होते.

आम्ही पश्चिमेच्या बाजूनं सुरुवात केली. तिथे तट सर्वांत देखणा आहे. करड्या चुनखडीचा उंच दगडी बांध, खाली रस्ता, पलीकडे गाड्या ठेवायच्या जागा आणि एक मोठा मॉल. बाबा तटाकडे पाठ करून उभे राहिले आणि समोर बघत म्हणाले, "समुद्र कुठाय?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आम्ही उभे होतो तिथेच समुद्र होता. भरतीचं पाणी थेट या दगडांना लागायचं, जहाजं इथेच नांगरायची. पुढे १९२७ ते १९३४ च्या दरम्यान नव्या गोदीसाठी भराव घातला आणि पाणी लांब ढकललं गेलं. तट तसाच राहिला, समोर कुणी नसताना पहारा देत. जंजिऱ्याभोवतीचं पाणी काढून तिथे पार्किंग केलं तर कसं दिसेल, असं बाबा म्हणाले आणि मग स्वतःच "नको नको" म्हणून मान हलवली.

थोडं पुढे गेलं की कमानींची एक रांग लागते. एकोणीस कमानी, तटाला बाहेरून चिकटवल्यासारख्या. लांबून वाटतं शोभेसाठी केल्यात. जवळ गेल्यावर प्रत्येक कमानीच्या पोटात काहीतरी दिसतं: दगडांनी चिणलेला दरवाजा, बुजवलेली खिडकी, एका घराचा उंबरठा असावा अशी आडवी शिळा. किल्ल्याच्या तटाला खिडक्या कशाला, असं बाबांनी विचारलं. मला हे सांगायला फार आवडतं, म्हणून जरा सावकाश सांगितलं.

या गावाला जमिनीच्या बाजूनं तट होता. १२६० साली राजानं तटासाठी कर गोळा करायची परवानगी दिली होती, आणि उत्तरेचा मुख्य दरवाजा, बारगेट, तर त्याच्याही आधीचा, बाराव्या शतकातला. समुद्राच्या बाजूला मात्र नीट तट नव्हता, कारण व्यापाऱ्यांची घरं तिथेच होती. दार उघडलं की समोर धक्का. फ्रान्सहून वाइनची पिंपं आली की जहाजातून उतरवून थेट घराखालच्या तळघरात. लोकर घरातून निघाली की थेट जहाजात. मध्ये भिंत कोण घालून घेईल? माल दोनदा उचलायचा म्हणजे हमाली दुप्पट. व्यापारी कुठलाही असो, त्याचं हे गणित कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

मग ४ ऑक्टोबर १३३८ उजाडला. रविवार होता आणि माणसं चर्चमध्ये होती. फ्रेंच आणि त्यांच्या बाजूनं लढणारे जिनोआचे खलाशी गलबतं घेऊन उघड्या बाजूनं आत शिरले. गाव लुटलं, जाळलं, वाइन आणि लोकर नेली. राजा तिसरा एडवर्ड संतापला आणि समुद्राच्या बाजूनंही गाव बंद करा असं फर्मान निघालं. तरी काम रेंगाळलंच. पुढच्या चार दशकांत केव्हातरी व्यापाऱ्यांच्या त्या घरांच्या पुढच्या भिंती घेतल्या, दारं-खिडक्या चिणल्या, त्यांच्यापुढे कमानी उभारल्या, आणि कमानी व भिंत यांच्यामधल्या फटीतून वरून दगडधोंडे टाकायची सोय केली. आपण तट म्हणतो ते खरं म्हणजे ओळीनं मारून टाकलेल्या घरांचे चेहरे आहेत. एका घराच्या भिंतीत किल्लीच्या भोकासारख्या उभ्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं आहेत, खाली गोल आणि वर चीर. त्या तोफांसाठीच्या जंग्या इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्यांपैकी समजल्या जातात.

बाबांनी त्या जंगीत हात घातला, खोली मोजली, आणि समाधानानं म्हणाले, "हे ठीक आहे. आता बालेकिल्ला."

मी त्यांना वर बोट करून दाखवलं. तटाच्या आत, उंचवट्यावर, एक उंच सरकारी फ्लॅटची इमारत आहे. १९६० च्या दशकातली, त्या काळाच्या सगळ्या इमारतींसारखी सरळसोट. तिच्या बाल्कनीत कुणाची तरी सायकल बांधलेली होती. इमारतीचं नाव कॅसल हाउस.

"हा?"

"हा."

बाबा काही बोलले नाहीत. रस्त्याच्या कडेला एक बाक होता, त्यावर बसले आणि गुडघ्याला लावायचा पट्टा घट्ट करत राहिले. मला खूप वाईट वाटलं. हरवलेली गोष्ट दाखवायची असेल तर आधी निदान सांगावं तरी, ती हरवली आहे म्हणून.

मग त्या बाकावरच किल्ला बांधायला घेतला. शब्दांनी.

नॉर्मन लोकांनी १०६६ नंतर इंग्लंड घेतलं तेव्हा त्यांनी जागोजाग एकच युक्ती केली: माती रचून टेकाड करायचं, वर लाकडी बुरूज, खाली कुंपण घातलेलं आवार. साउथॅम्प्टनच्या वायव्य कोपऱ्यात, टेस्ट नदीच्या मुखावर नजर ठेवायला, असंच एक टेकाड उभं राहिलं. बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लाकडाचा दगड झाला. पण किल्ला लढायला कमी आणि साठवायला जास्त वापरला गेला. दुसऱ्या हेन्रीची राणी एलिनॉर हिच्यामुळे नैर्ऋत्य फ्रान्सचा मोठा मुलूख इंग्लंडच्या राजाकडे आला होता आणि बोर्डोची वाइन याच बंदरात उतरायची. वीस किंवा जास्त पिंपं घेऊन आलेल्या प्रत्येक जहाजातून राजाची दोन पिंपं ठरलेली: एक डोलकाठीच्या पुढचं, एक मागचं. एक पिंप म्हणजे साडेनऊशे लिटरच्या आसपास.

"म्हणजे जकात," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा जरा उजळला होता.

जकातच. आणि ती ठेवायला किल्ल्याच्या पोटात लांबट, उंच, दगडी कमानीच्या छताचं कोठार होतं. ते अजून आहे. एरवी कुलूप असतं, कधीमधी मार्गदर्शकाबरोबर आत जाता येतं. गावभर जमिनीखाली व्यापाऱ्यांची अशीच तळघरं आहेत. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडायला लागले तेव्हा लोक त्यांतल्या काहींत जाऊन बसत होते. सातशे वर्षांपूर्वी पिंपं ठेवायला बांधलेली जागा माणसं ठेवायलाही चालली.

किल्ल्याच्या पश्चिमेच्या भिंतीत एक शौचकूप आहे, भरतीच्या पाण्यानं धुतलं जाणारं. बाबांना हे किल्ल्याच्या बाकी सगळ्या इतिहासापेक्षा आवडलं, कारण रायगडावरची शौचकुपं ते प्रत्येक नवख्या माणसाला आवर्जून दाखवत आले आहेत. त्यात या बंदराची गंमत अशी की इथे भरती आली की पाणी बराच वेळ चढलेलंच राहतं, थोडं उतरून पुन्हा चढतं. दुहेरी भरती. बंदर भरभराटीला येण्यात तिचा मोठा वाटा आहे. "आणि संडास साफ होण्यात," बाबा म्हणाले.

तेराव्या शतकाच्या अखेरीपासूनच किल्ल्याची आबाळ चालली होती. १३३८ च्या त्या रविवारी तो गावाच्या कामी आला असं दिसत नाही. जाग आली ती १३७० च्या दशकात, फ्रेंच पुन्हा येणार अशा हाकाट्या उठल्या तेव्हा. दुसरा रिचर्ड १३७७ साली गादीवर आला तेव्हा दहा वर्षांचा पोर होता. त्याच्या नावानं कारभार्‍यांनी जुन्या टेकाडावर नवा गोल बालेकिल्ला बांधायला घेतला. हेन्री येवेल आणि विल्यम विनफर्ड हे त्या काळचे सर्वांत नावाजलेले गवंडी-स्थपती त्या कामावर होते. एकाचा हात वेस्टमिन्स्टर हॉलला लागला आहे आणि दुसऱ्याचा विंचेस्टरच्या कॅथीड्रलला. दोन्ही आजही बघता येतात. इथला तेवढा गेला. तोफा ठेवलेल्या इंग्लंडमधल्या पहिल्या काही किल्ल्यांत याची गणना होते. इथे नेमलेला एक पाद्री तोफांच्या कामातही तरबेज होता आणि म्हणून तो जास्त सोयीचा, अशी नोंद आहे. सकाळी प्रार्थना, दुपारी दारूगोळा. आठव्या हेन्रीच्या काळात देश पालथा घालणाऱ्या जॉन लेलंडनं इथे येऊन लिहून ठेवलं की या किल्ल्याचं वैभव आहे ते त्याच्या बालेकिल्ल्यात. मोठा, देखणा आणि भक्कम, असे त्याचे शब्द.

"मग पाडला कुणी?" बाबांनी विचारलं. "तोफा लावून?"

इथेच माझी पंचाईत झाली. आपल्याकडे किल्ला पडतो तेव्हा त्याला एक साल असतं आणि एक खलनायक असतो. १८१८ साली इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या, वाडे जळले, हे बाबांनी मला मी सात वर्षांची असताना गडावर उभं करून सांगितलं होतं. मला त्या दिवशी इंग्रजांचा इतका राग आला होता की परत येताना मी एसटीत बिस्किटं खाल्ली नाहीत. (आता त्यांच्याच गावात राहून त्यांनाच कर भरते, ते सोडा.) पण या किल्ल्याला कुणी मारलं नाही. कुणाला तो नको होता, एवढंच.

सोळाव्या शतकात त्याची गरज संपली. १६१८ साली राजा पहिल्या जेम्सनं तो विकून टाकला, आणि घेतला तो जमिनीच्या धंद्यातल्या लोकांनी. आजच्या भाषेत बिल्डर. बालेकिल्ल्याच्या जागी पुढे पवनचक्की आली. यादवी युद्धाच्या धामधुमीत, १६५० च्या सुमारास, गावाच्या तटाची डागडुजी करायला दगड हवे होते. ते किल्ल्याचे काढून नेले.

बाबा एकदम वळून तटाकडे बघायला लागले. पण ते नंतर.

किल्ला संपला नव्हता, त्याचा शेवटचा अंक जरा तमाशाच्या अंगानं जाणारा आहे. १८०४ साली लॅन्सडाउनच्या मार्क्विसनं, म्हणजे एका बड्या सरदारानं, ती पडकी जागा घेतली आणि तिथे नवाकोरा 'जुना' किल्ला बांधला. टोकदार कमानी, बुरूज, चर्या, सगळं जुन्यासारखं. खऱ्या किल्ल्याच्या अवशेषांवर खोटा किल्ला. त्याच सुमाराला, १८०७ ते १८०९, त्याच्या पायथ्याशी कॅसल स्क्वेअरमधल्या एका घरात लेखिका जेन ऑस्टिन आई-बहिणीबरोबर राहत होती. तिच्या बागेची एक भिंत म्हणजे गावाचा तट. त्याची फांजी, म्हणजे वरची चालायची वाट, इतकी रुंद की बायकांना तिथे फेऱ्या मारता यायच्या. आणि समोर तो नाटकी किल्ला, चौकाच्या मानानं अवाढव्य. तिच्या पुतण्यानं पुढे लिहिलं आहे की मार्क्विसच्या बायकोची हलकी गाडी सहा-आठ बुटकी तट्टं ओढायची. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीपेक्षा लहान आणि रंगानं फिकी. खिडकीतून वाकून ती गाडी जुंपताना बघणं हा त्याचा पोरपणीचा विरंगुळा होता. बाईंच्या कादंबरीत अशी गाडी आली असती तर तिची काय गत झाली असती!

मार्क्विस १८०९ साली वारला. १८१८ साली तो किल्लाही पाडला. मग टेकाडही छाटलं. चौदा वर्षांत उभा राहून नाहीसा झालेला किल्ला.

"अठराशे अठरा," बाबा म्हणाले. "रायगडाचंच साल."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी इतकी वर्षं इथे राहते, ते साल दहा वेळा वाचलं असेल.

बाक सोडून आम्ही आत गेलो. उरलंय ते बघायला तास पुरतो. किल्ल्याच्या पूर्वेच्या दरवाजाच्या दोन गोल बुरुजांचे पाये आहेत, गुडघ्याएवढे. पाणदरवाजाचे अवशेष आहेत. उत्तरेला आवाराच्या भिंतीचा एक तुकडा आहे आणि तो फार विचित्र दिसतो, कारण भिंत कमानींच्या रांगेवर उभी आहे. या कमानी दिसायला नव्हत्याच कधी. त्या भिंतीचा पाया होत्या, मातीच्या बांधात गाडलेल्या. पुढे कुणीतरी माती काढून नेली आणि पाया उघडा पडला. आता लोक त्या कमानींचे फोटो काढतात. सकाळच्या त्या एकोणीस कमानींपेक्षा मला या जास्त आवडतात. जे झाकलेलं असायचं तेवढंच राहिलंय आणि जे दाखवायचं होतं ते गेलंय.

बाकी नावं आहेत. कॅसल वे, कॅसल स्क्वेअर, मार्क्विसच्या नावाची लॅन्सडाउन हिल. तटाचा एक बुरूज आहे, त्याचं नाव कॅचकोल्ड. पडशाचा बुरूज! रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांनीच ठेवलं असणार.

घरी परतताना बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं गुडघे दुखतायत. मग म्हणाले, "मी एकतीस वर्षं फोर्टात नोकरी केली."

बाबांचं ऑफिस मुंबईत फोर्टात होतं. रोज चर्चगेटला उतरायचे.

"एकतीस वर्षं. बाजारगेट स्ट्रीटवर जेवायला जायचो. चर्चगेटला गेट नाही, फोर्टात फोर्ट नाही, हे एकदाही डोक्यात आलं नाही. रविवारी मात्र पहाटेची गाडी पकडून किल्ले बघायला पळायचो."

मुंबईच्या फोर्टाला तट होता, खंदक होता, अपोलो गेट, चर्च गेट, बाजार गेट असे तीन दरवाजे होते. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं तो पाडायला लावला, कारण कापसाच्या पैशानं शहर तटाबाहेर ओसंडत होतं. बंदर वाढायला लागलं की तट अडचण होतो. साउथॅम्प्टनलाही ते चुकलं नाही: बारगेटच्या कमानीतून ट्रॅम जायची, तिच्यासाठी खास घुमटाकार छपराचे डबे बनवावे लागले, आणि शेवटी १९३० च्या दशकात दरवाजाच्या दोन्ही बाजूंचा तट तोडून रस्ता काढला. आज बारगेट एकटा उभा आहे. त्याच्या आतून जायची सक्ती कुणालाच नाही. तरी पश्चिमेचा तट राहिला, कारण त्याला मागून घरं टेकलेली होती, बागा होत्या, तो कुणाकुणाची मागची भिंत होता. किल्ल्याला टेकून कुणी राहत नव्हतं. तो राजाचा होता आणि राजाचं काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तो थांबल्याबरोबर बाबा एकटेच बाहेर पडले आणि दोन तासांनी त्यांचा फोन आला, "कमानींपाशी ये. कॅमेरा घेऊन ये."

ते तटाशी नाक लावून उभे होते. त्यांनी कामच काढलं होतं: १६५० साली किल्ल्याचे दगड तटात बसवले, तर ते ओळखायचे. त्यांच्या मते मूळ बांधकामाचे दगड ओबडधोबड आहेत, आणि मधूनच एखादा घडीव, कडा धरलेला दगड येतो, तो दुसरीकडून आणलेला. मी म्हटलं, बाबा, तट शेकडो वेळा दुरुस्त केलाय, घडीव दगड कुठूनही आला असेल, एखाद्या घरातला, चर्चमधला. त्यांनी ऐकून घेतलं. तीस वर्षं मला गडावर हेच सांगत आलेला माणूस, पुराव्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून.

"असेल," ते म्हणाले. आणि खांद्याच्या उंचीवरच्या एका दगडावर हात ठेवला. ओलसर, करडा, डाव्या कोपऱ्याला टवका उडालेला. "आपण हा धरू."

मी फोटो काढला. बाबांच्या फोनमध्ये तो किल्ल्यांच्या फोल्डरात आहे, साल्हेर आणि सिंधुदुर्गाच्या मध्ये. नाव दिलंय: साउथॅम्प्टन, बालेकिल्ला.